एक शब्द राहिला, की कोड बदलला

बीएस्सी, बीफार्म, बीएचएमएस, नर्सिंग... यातलं काही करत असाल, तर 'मेडिकल कोडिंग'ची जाहिरात तुमच्या मोबाइलवर एकदा तरी येऊन गेली असणार. नाव ऐकून अनेकांना वाटतं, हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम. तसं नाहीये. इथे प्रोग्रॅम लिहायचा नसतो, डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं असतं आणि त्याला ठरलेल्या यादीतला कोड द्यायचा असतो. वाचायचं म्हणजे किती बारकाईनं, हे समजायला लाळग्रंथीच्या कॅन्सरची एक फाइल पुरेशी आहे.

पत्ता नीट हवा

आधी थोडी अ‍ॅनाटॉमी. लहानपणी गालगुंड झाले असतील, तर कानाखाली सुजलेली ती जागा आठवा. तीच पॅरोटिड ग्रंथी. तिच्याशिवाय जबड्याखाली एक जोडी आणि जिभेखाली एक जोडी. या झाल्या लाळेच्या मोठ्या ग्रंथी. ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकडो छोट्या ग्रंथी असतात, त्या वेगळ्याच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीत प्रत्येक जागेचा पत्ता वेगळा आहे. पॅरोटिडचा कॅन्सर म्हणजे सी०७. जबड्याखालच्या ग्रंथीचा सी०८.०, जिभेखालच्या ग्रंथीचा सी०८.१. डॉक्टरांनी नुसतं 'मोठ्या लाळग्रंथीचा कॅन्सर' लिहिलं, तर सी०८.९, म्हणजे ग्रंथी कोणती, ते सांगितलेलं नाही. आणि टाळूतल्या छोट्या ग्रंथीत कॅन्सर असेल, तर कोड लाळग्रंथीचा नाहीच. तो टाळूचा, सी०५.

'शंका' म्हणजे निदान नव्हे

भारतातल्या कोडिंग कंपन्यांचं बरंचसं काम अमेरिकन हॉस्पिटलांचं असतं. समजा, तिथल्या एका पेशंटची ओपीडीची नोंद पुण्यात बसलेल्या तुमच्या स्क्रीनवर आली. लिहिलंय, 'पॅरोटिडमध्ये गाठ, कॅन्सरची शंका.' नवखा कोडर पटकन सी०७ टाकून मोकळा होईल. पण अमेरिकेच्या नियमांत ओपीडीच्या नोंदीत 'शंका', 'संभाव्य', 'असावा' असे शब्द असतील, तर तो आजार झाला असं धरून कोड देता येत नाही. जे नक्की आहे, तेवढंच, म्हणजे गाठ.

हा नियम उगाच नाही. पॅरोटिडच्या बहुतेक गाठी साध्या निघतात, कॅन्सरच्या नसतात. साध्या गाठीचा कोड डी११.०. पहिल्याच दिवशी कॅन्सरचा कोड पडला, तर बायोप्सी साधी येऊनही तो शिक्का त्या माणसाच्या विम्याच्या रेकॉर्डमध्ये राहू शकतो. उलटही होतं. त्वचेचा कॅन्सर पसरून पॅरोटिडपर्यंत आला असेल, तर तिथे सी०७ चालत नाही. मूळ जागेचा कोड वेगळा, पसरलेल्या जागेचा वेगळा.

आता ऑपरेशन. चेहऱ्याची नस पॅरोटिडच्या मधून जाते. ती गेली, तर त्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही आणि हसताना तोंड एका बाजूला ओढलं जातं. अमेरिकेत ऑपरेशनसाठी सीपीटी नावाचे कोड वापरतात. पूर्ण ग्रंथी काढली आणि नस सोडवून वाचवली, तर ४२४२०. गाठीसोबत नसही काढावी लागली, तर ४२४२५. सर्जननी नसेबद्दल काहीच लिहिलं नसेल, तर? अंदाज बांधायचा नाही. डॉक्टरांना 'क्वेरी' पाठवायची. तीसुद्धा 'नस वाचवली ना?' अशी नाही, कारण तो प्रश्न उत्तर सुचवतो. 'नसेचं काय झालं, ते कृपया नोंदवा', इतकंच विचारायचं.

आपल्या शहराचा संबंध काय?

हे सगळं फक्त डॉलरमधल्या बिलांसाठी आहे असं समजू नका. घाटीच्या अखत्यारीतलं, आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झालं. मराठवाड्यातले पेशंट तिथे येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे, तर आधी मंजुरी लागते आणि त्यासाठी निदानाची आणि तपासण्यांची कागदपत्रं जोडावी लागतात. कागद अपुरा असेल, तर फाइल अडकते. फाइलसोबत गावाकडून आलेला माणूसही अडकतो.

दुसरी गोष्ट कॅन्सर नोंदणीची. इंडियन कॅन्सर सोसायटीनं १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्या-आधारित नोंदणी सुरू केली. आपल्या शहरात ती १९७८ पासून आहे. इथे कॅन्सरच्या जागेच्या जोडीला प्रकाराचाही कोड असतो. टाळूवर नेहमी दिसणाऱ्या स्क्वॅमस कॅन्सरचा ८०७०/३, तर छोट्या लाळग्रंथीतून निघणाऱ्या अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कॅन्सरचा ८२००/३. तिरक्या रेघेनंतरचा ३ म्हणजे कॅन्सर, ० म्हणजे साधी गाठ.

दोन्ही पेशंटच्या जागेचा कोड एकच, सी०५. कागदावर फक्त 'तोंडाचा कॅन्सर' एवढंच राहिलं, तर लाळग्रंथीचा पेशंट तंबाखूमुळे होणाऱ्या कॅन्सरच्या गर्दीत मिसळून जातो. मोजला जातो, पण चुकीच्या रांगेत. आधीच दुर्मिळ असलेला आजार मग आकडेवारीत आणखी दुर्मिळ दिसतो.

फी भरण्याआधी

या क्षेत्रात बरीच चालणारी परीक्षा म्हणजे अमेरिकेतल्या एएपीसी संस्थेची सीपीसी. १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. परीक्षेला कोडची पुस्तकं सोबत नेता येतात, म्हणजे पाठांतराचं टेन्शन नाही. टेन्शन आहे ते वाचण्याचं आणि समजण्याचं. हल्ली सॉफ्टवेअरही कोड सुचवतं, पण सर्जननी काय लिहायचं राहिलंय, हे कुणीतरी ओळखावं लागतंच.

म्हणून दोस्तांनो, क्लासवाल्यांना 'प्लेसमेंटची गॅरंटी आहे का?' हे विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. अ‍ॅनाटॉमी किती तास शिकवणार? नाव काढून टाकलेल्या खऱ्या ऑपरेशन नोट्स आणि बायोप्सी रिपोर्ट वाचून घेणार का? क्वेरी लिहायला शिकवणार का? तिन्हींना 'हो' आलं, तरच पुढचं बोला. आणि तोपर्यंत फुकटात करण्यासारखं एक काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० यादी ऑनलाइन खुली आहे. आज रात्री सी०० ते सी१४ ही तोंड, लाळग्रंथी आणि घशाची पानं चाळून बघा. कंटाळा आला, तर हे काम तुमचं नाही. 'हा कोड इथे का नाही?' असा प्रश्न पडला, तर पुढे जायला हरकत नाही.