बॅटरी गेली की अल्टरनेटर?

पावसाळ्यात ताम्हिणी घाटातल्या धुक्यात हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं एकदम चालू असतं. हा भार अल्टरनेटर उचलतो. तोच बिघडला तर बॅटरी वाटेतच उतरते, पौडला चहाला थांबलात की गाडी सुरू होत नाही आणि दोष बॅटरीला मिळतो. नवी घेण्याआधी मल्टिमीटर लावाच. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. चालू इंजिनावरही आकडा 12च्याच घरात राहिला, दिवे लावताच आणखी घसरला, तर अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा तपासून घ्या. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर असेल तर तो आधी घासून काढा. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघायची जुनी पद्धत मात्र कृपया सोडा. त्यात ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, जळू शकतो.