धूम्रपानमुक्तीसाठी दूरस्थ साहाय्य

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यासारख्या डोंगरी गावातील माणसाला विडी सोडताना नियमित समुपदेशनासाठी पुण्याला खेपा घालणे अवघड असल्याने, दूरध्वनीवरून मिळणारी मदत, म्हणजेच दूरस्थ साहाय्य, येथे विशेष उपयोगी ठरते. 2016 मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा 1800-11-2356 हा क्रमांक निःशुल्क असून, तेथील समुपदेशक व्यसन सोडण्याचा दिवस ठरवून घेतात आणि पुढे पाठपुरावा करतात.

या साहाय्याला अंगावर बाळगायच्या उपकरणांची जोड देता येते. मनगटी घड्याळातील त्वरणमापक, म्हणजे हालचालीच्या वेगातील बदल व दिशा टिपणारे संवेदक, हात वारंवार तोंडाकडे जाण्याची विशिष्ट लय ओळखतात; त्यावरून विडी कोणत्या वेळी ओढली जाते हे कळते आणि तलफ येण्याच्या सुमारास सावध करणारा संदेश धाडता येतो. मात्र जेवताना किंवा चहा पिताना होणारी हालचालही तशीच असल्याने चूक संभवते.

महाराष्ट्रात अशा घड्याळांची मर्यादा अधिक ठळक आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील 26.6 टक्के प्रौढ तंबाखू सेवन करत होते, परंतु धूम्रपान करणारे केवळ 3.8 टक्के होते. बाकीचे तंबाखू न ओढता खाणारे होते, आणि गालात धरलेल्या तंबाखूला हाताची अशी लय नसते. म्हणून अशा लोकांसाठी घड्याळापेक्षा समुपदेशकाचा फोनच अधिक भरवशाचा ठरतो.