समजून घ्या : फिजिओथेरपी सहायकाचे काम नेमके काय, आणि ते सहा महिन्यांत शिकता येते का?

नीटचा निकाल लागला की लातूरमध्ये दोन प्रकारच्या जाहिराती डोळ्यांत भरतात. एक रिपीटर बॅचची, दुसरी पॅरामेडिकल कोर्सची. 'लातूर पॅटर्न'चे कौतुक राज्यभर होते, पण एमबीबीएसच्या जागा मोजक्याच. बाकीच्या मुलांनी पुढे काय करायचे, हा प्रश्न घरोघरी असतो. मग कुणीतरी सांगते, 'फिजिओथेरपी असिस्टंट कर, सहा महिन्यांत नोकरी.' वडिलांनी मोंढ्यात सोयाबीन विकून आणलेल्या पैशांतून फी भरायची असेल, तर हे काम काय आहे ते आधी नीट समजून घेतलेले बरे. रुग्णांसाठीही ते तितकेच महत्त्वाचे आहे.

फिजिओथेरपिस्ट वेगळा, सहायक वेगळा

फिजिओथेरपिस्ट होण्यासाठी बीपीटी ही पदवी लागते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतला हा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा राहिला आहे. लातुरातही महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ फिजिओथेरपीत तो शिकवला जातो. रुग्णाला तपासणे, सांधा किती अंशात वळतो ते मोजणे, कोणता उपचार किती दिवस द्यायचा हे ठरवणे आणि गरज पडली तर तो बदलणे, ही फिजिओथेरपिस्टची जबाबदारी. ठरलेला उपचार रोज रुग्णाला देणारा तो सहायक.

अमेरिकेत या सहायकांसाठी दोन वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम असतो, त्यानंतर परवान्याची परीक्षा. तिथे पहिली तुकडी १९६९ मध्ये बाहेर पडली. पहिली तपासणी आणि उपचाराची आखणी सहायकाने करायची नाही, हा तिथला मूळ नियम.

आपल्याकडे फिजिओथेरपीचे शिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५३ मध्ये सुरू झाले. तो पोलिओच्या साथींचा काळ होता. पदवीधर फिजिओथेरपिस्टांची व्यवस्था तिथून वाढत गेली. सहायक मात्र बहुतेक ठिकाणी कामावरच तयार झाला. ओपीडीतले मामा किंवा मावशी आधी रुग्णाला धरायला लागतात, मग शेक द्यायला, मग मशीनचे बटण दाबायला. त्यातले काही जण फार चांगले काम करतात. पण बटण का दाबायचे आणि कधी दाबायचे नाही, हे त्यांना कुणी बसवून शिकवलेले नसते.

हाताचे काम

बाहेरून हे सगळे मालिशसारखे दिसते. लकवा झालेल्या माणसाला खाटेवरून खुर्चीत बसवण्याचे उदाहरण घ्या. घरचे लोक काय करतात? काखेत हात घालून किंवा लुळा हात धरून ओढतात. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात. त्या ओढण्याने खांदा खोबणीतून खाली सरकू शकतो, आणि मग पायापेक्षा खांद्याचे दुखणेच जास्त छळते.

प्रशिक्षित सहायक आधी चाकाची खुर्ची रुग्णाच्या धडधाकट बाजूला, खाटेला तिरकी लावतो. ब्रेक लावतो, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करतो. रुग्णाच्या कमरेला पट्टा बांधतो आणि हाताऐवजी तो पट्टा धरतो. स्वतःचे गुडघे वाकवतो, पाठ वाकवत नाही. 'तीन म्हटल्यावर उठायचं काका' असे सांगून रुग्णाची स्वतःची ताकद वापरून घेतो. बरेच दिवस पडून असलेल्या माणसाला उठवल्याबरोबर चक्कर येऊ शकते, म्हणून आधी काही मिनिटे खाटेच्या कडेला पाय सोडून बसवतो. लिहायला चार ओळी पुरतात. हाताला वळण लागायला मात्र वेगवेगळ्या वजनाच्या, वेगवेगळ्या आजारांच्या रुग्णांवर, कुणीतरी बाजूला उभे असताना हे पुन्हा पुन्हा करावे लागते.

सांधा हलवण्याचेही तसेच. वरचा भाग एका हाताने स्थिर धरायचा, खालचा भाग दुसऱ्या हाताने सावकाश न्यायचा आणि लक्ष रुग्णाच्या चेहऱ्याकडे ठेवायचे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे तर कुबडी घेणाऱ्या प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

मशीनचे काम

'करंट लावला', 'मशीनचा शेक घेतला' असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात. आयएफटीमध्ये साधारण ४,००० आणि ४,१०० हर्ट्झचे दोन प्रवाह एकमेकांना छेदतील असे दिले जातात. त्यांच्यातल्या फरकाचा, म्हणजे १०० हर्ट्झचा परिणाम आतल्या स्नायूपर्यंत पोहोचतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आपण 'बीट्स' शिकतो आणि पेपर झाला की विसरतो. तेच गणित कंबरदुखीवर वापरलेले पाहून मजा वाटते.

अल्ट्रासाउंडमध्ये १ मेगाहर्ट्झच्या लहरी खोल जातात, ३ मेगाहर्ट्झच्या वरच्या थरात शोषल्या जातात. मध्ये हवा राहिली तर लहरी पुढे जातच नाहीत, म्हणून जेल लावतात. मशीनचे डोके एका जागी धरून फोनवर बोलत बसले, तर त्या ठिकाणी उष्णता साठते. शॉर्टवेव्ह डायथर्मी २७.१२ मेगाहर्ट्झवर चालते. पेसमेकर असलेल्या रुग्णाला किंवा गरोदर बाईला ती द्यायची नसते, आणि उपचाराच्या भागात धातूची पट्टी किंवा रॉड असेल तरीही नाही. पायात रॉड आहे का, हा साधा प्रश्न न विचारता मशीन सुरू करणे सगळ्यात महागात पडते.

सर्वात साध्या गरम पॅकमध्येही धोका आहे. पॅक ज्या पाण्यात ठेवतात त्याचे तापमान ७० ते ७५ अंश सेल्सिअस असते. त्वचा आणि पॅक यांच्यात टॉवेलचे सहा ते आठ थर लागतात आणि पाच मिनिटांनी पॅक उचलून त्वचा बघावी लागते. मधुमेहाने पायांची जाणीव गेलेल्या आजोबांना भाजतेय हे कळतच नाही. म्हणून शेक देण्याआधी एका परीक्षानळीत गरम आणि दुसरीत गार पाणी घेऊन, रुग्णाला डोळे मिटायला सांगून, जाणीव तपासायची पद्धत आहे. दोन मिनिटांचे काम, पण गर्दीच्या वेळी तेच आधी गाळले जाते.

आणि काही वेळा सहायकाने हात आखडता घेऊन थेट फिजिओथेरपिस्टला हाक मारायची असते. पोटरी अचानक सुजली, गरम लागते आणि दुखते, तर शिरेत गुठळी असू शकते. ती चोळायची नाही. कंबरदुखीच्या रुग्णाचा लघवीवरचा ताबा गेला, तर त्या दिवशी वजन लावायचे नाही, तातडीने डॉक्टरकडे पाठवायचे. चांगल्या प्रशिक्षणाची ओळख इथे पटते.

कायद्यात कोर्स बसतो का?

संसदेने २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. इतरांनी आखलेला उपचार अमलात आणणाऱ्या 'संलग्न आरोग्य व्यावसायिका'साठी त्यात किमान २,००० तासांचा, दोन ते चार वर्षांत विभागलेला डिप्लोमा किंवा पदवी अशी व्याख्या आहे. फिजिओथेरपिस्ट ज्या वरच्या गटात येतो, त्यासाठी किमान ३,६०० तास लागतात. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र या व्याख्येत बसत नाही, हे साध्या हिशेबाने दिसते.

केंद्राच्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेत 'फिजिओथेरपी टेक्निशियन' हा एक वर्षाचा आयटीआय ट्रेड आहे. त्यातून कौशल्य मिळते, मदतनीस म्हणून काम मिळू शकते. पण कायद्यातल्या दोन वर्षांच्या अटीपर्यंत तोही पोहोचत नाही. स्वतःची पाटी लावून उपचार करण्याचा हक्क तर कोणत्याच सहायक कोर्सने मिळत नाही. त्यासाठी महाराष्ट्रात पदवी आणि राज्य परिषदेकडे नोंदणी लागते.

गरज मात्र खरी आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २४० कोटी लोकांना पुनर्वसन उपचारांचा फायदा होऊ शकतो. लातूरला हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. अशा मलब्यातून वाचलेल्या माणसाचे हाड जोडून होते, पण पायावर उभे राहायला पुढे कित्येक महिन्यांचा रोजचा व्यायाम लागतो. आजही निलंगा किंवा अहमदपूरकडच्या खेड्यातला लकव्याचा रुग्ण एसटीने रोज लातूरला येऊ शकत नाही. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर घरी जाऊन मदत करणाऱ्या पुनर्वसन कार्यकर्त्याची कल्पना आहे, ती याच कारणाने.

त्यामुळे प्रवेश घेताना कोर्सच्या नावापेक्षा चार गोष्टी विचारा : एकूण तास किती, त्यातले प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे किती, कोणत्या रुग्णालयात आणि कुणाच्या देखरेखीखाली, आणि प्रमाणपत्रावर सही कोणाची. उत्तर लेखी मागा. आणि रुग्ण म्हणून गेलात, तर मशीन लावणाऱ्याला 'दादा, मला तपासलं कुणी आणि हे ठरवलं कुणी?' असे विचारायला संकोच करू नका. राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक मागण्याचा हक्कही तुम्हाला आहे.