"झोपूनच रायली जी"

सकाळी 8. ऑगस्ट. अकोल्यातल्या एका रुग्णालयाचा बालरुग्ण विभाग. रात्रपाळीच्या डॉक्टरकडून खाटांचा हिशेब घेताना माझा पहिला प्रश्न ठरलेला : कोण पितंय, कोण पीत नाही?

9.30. बाहेर ओळ. आईबापांच्या ओठांवर तापाचा आकडा. "एकशे तीन हाय जी!" हे एकशे तीनवालं पोर बाकावर चढून पंख्याचं बटण दाबत होतं. औषध दिलं, घरी पाठवलं. ओळीच्या शेवटी एक बाई, मांडीवर पाच वर्षांची मुलगी. "ताप तं कालच उतरला, मॅडम. पण तवापासून झोपूनच रायली जी." ओळ मोडून तिला आधी आत घेतलं. डेंगीत खरा धोका ताप उतरताना सुरू होतो. पोट दुखतं, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात. हिचे तळवे गार होते.

11. दर्यापूरकडचं आठ महिन्यांचं बाळ. बाप म्हणाला, सर्दी. आजी म्हणाली, "धाप हाय." आजीचा शब्द मी खाली पडू देत नाही. झबलं वर केलं, बाळ शांत होऊ दिलं आणि पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. 62. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत 50 च्या पुढे गेले की न्यूमोनियाची शंका घ्यायची. त्याहून लहान बाळाला 60, वर्षापुढे पाच वर्षांपर्यंत 40. शिवाय याच्या बरगड्यांखाली दर श्वासाला खड्डा पडत होता. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी निरक्षर दायांच्या हातात वाळूचं घड्याळ आणि मणी दिले होते. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला की न्यूमोनिया. बापाच्या खिशात तर मोबाईलचं घड्याळ होतं.

1. जुलाब, तेल्हाऱ्याकडचे. ओआरएस दिलं होतं, पण पेलाभर पाण्यात अर्धी पुडी. इतकं घट्ट ओआरएस उलट अपाय करतं. मोठी पुडी एक लिटर पाण्यातच कालवायची. "आमचं पाणी आधीच खारं, पोरगं थुकते," आई म्हणाली. खारपाणपट्ट्यातली बाई, खोटं कशाला बोलेल? वान धरणाचं नळाचं पाणी पिण्यासाठी राखून ठेवता, तेच यालाही वापरा, म्हटलं.

4. चहा. गार झालेला.

6.40. मूर्तिजापूरकडून तापातला झटका. कांदा हुंगवून झाला, चप्पलही. दातखीळ सोडवायला घातलेल्या चमच्याने ओठ फाटलेला. अशा वेळी पोराला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट दवाखाना. हे निघाले दीड तासाने, काकाची गाडी येईपर्यंत थांबून. 108 ची रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे. जून 2022 मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर 105 तासांत 75 किलोमीटर डांबर टाकून विक्रम झाला. रस्त्याला बोल लावायची सोय आता राहिली नाही. उशीर घरात होतो, "सकाळी पाहू" म्हणण्यात.

रात्री 2.15. अकोटकडचा सहा वर्षांचा मुलगा. जमिनीवर झोपला होता, पोटदुखीने उठला. घरच्यांनी ओवा दिला. मग पापण्या मिटू लागल्या, बोलणं जड झालं. अंगावर खूण शोधत बसले नाहीत, हे बरं केलं. मण्यारीचा दंश दुखत नाही आणि बहुतेकदा दिसतही नाही. सर्पविषावरची लस लहानाला कमी देतात, असा समज आहे. विष तेवढंच असतं, म्हणून लसही मोठ्यांइतकीच. नळी घातली, यंत्रावर घेतलं.

सकाळी 8. धापेचं बाळ प्राणवायूवर आहे, दूध ओढतंय. मुलीचे तळवे ऊबदार झाले. अकोटचा मुलगा अजून यंत्रावर. मण्यारीच्या विषात स्वतःचा श्वास परतायला कधी कधी दोन-तीन दिवसही लागतात. बाहेर त्याच्या बापाने विचारलं, "ओव्यात घालवले ते पाऊण तास लई होते का, मॅडम?"

होते, म्हटलं.