जुन्या मोटारीतील इंजेक्टरची सफाई

मुंबईकडून येणारा पूर्व द्रुतगती मार्ग, नाशिककडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदर मार्ग हे ठाण्यातील माजिवडा नाक्यावर एकत्र येतात. येथील कोंडीत इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या वाहनांत पंधरा-वीस वर्षे वापरातील मोटारीही असतात. अशी मोटार उभ्या जागी थरथरू लागली, वेग घेताना दचके देऊ लागली, की कारागीर ‘मिसिंग’ आहे असे म्हणतात. या दोषाचे मूळ पुष्कळदा इंजेक्टरच्या तोंडाशी साचलेल्या थरात असते.

इंजेक्टरचे कार्य

सन २००० च्या सुमारास प्रदूषणाचे निकष कडक झाले, तसा पेट्रोल मोटारींतील कार्ब्युरेटर मागे पडून त्याची जागा इंजेक्टरने घेतली. इंजेक्टर म्हणजे विजेच्या साह्याने उघडझाप करणारी सूक्ष्म झडप होय. दाबाखालील पेट्रोल ती सेकंदाच्या काही सहस्रांश भागापुरतेच सोडते व त्याचा धुक्यासारखा फवारा हवेत मिसळतो.

इंजिन बंद केल्यावर तोंडाशी उरलेले पेट्रोल उष्णतेने उडून जाते आणि रोगणासारखा चिकट थर मागे राहतो. थोडे अंतर चालवून वारंवार बंद केल्या जाणाऱ्या मोटारीत तो लवकर वाढतो. मग फवाऱ्याऐवजी धार किंवा थेंब पडतात. पेट्रोल अधिक लागते, धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि न जळलेल्या इंधनामुळे धुराच्या नळीतील महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ शकतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते, तेव्हा हा दोष मालकास विशेष जाचक ठरतो.

सफाईच्या पद्धती

प्रथम स्पार्क प्लग, हवेची जाळी व इंधनाची जाळी तपासावी. कारण त्यांच्या बिघाडाची लक्षणेही अशीच असतात. दोष इंजेक्टरमध्येच असल्यास तीन मार्ग आहेत. थर सौम्य असेल तर टाकीत मिसळावयाचे द्रावण पुरते. दुसऱ्या पद्धतीत मोटारीचा पंप बंद ठेवून निराळ्या यंत्राने सफाईचे द्रावण दाबाखाली पुरवितात व त्यावरच इंजिन चालवितात. थर जुना असल्यास इंजेक्टर काढून ध्वनितरंगांच्या टाकीत धुतात. त्यानंतर प्रत्येकातून ठराविक वेळात किती द्रव येतो हे काचेच्या नळ्यांत मोजून तुलना करतात. परत बसविताना रबरी कड्या नव्याच घालाव्यात.

दक्षता

नळी सोडविण्यापूर्वी इंधनाचा दाब उतरवावा, बॅटरीची ऋण तार काढावी आणि जवळपास ज्योत अथवा ठिणगी असू देऊ नये. छिद्रात टाचणी वा तार घालू नये. त्याने फवाऱ्याची दिशा कायमची बिघडते. वापरलेले द्रावण गटारात वा विहिरीजवळ ओतू नये. रुग्णवाहिका, घंटागाडी अशा डिझेल वाहनांचे इंजेक्टर तज्ज्ञ कार्यशाळेतच द्यावेत. त्यांतील धार त्वचा भेदून शरीरात शिरू शकते व अशी जखम लहान दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

पंचायतीच्या अथवा शाळेच्या वाहनाच्या नोंदवहीत दर लिटरमागे धावलेले किलोमीटर नियमाने लिहिल्यास घट वेळीच लक्षात येते, आणि थोड्या खर्चाच्या सफाईने मोठी दुरुस्ती टळते.