परग्रहाच्या आडून सांगितलेले सत्य

१९५५ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची गोऱ्यांनी निर्घृण हत्या केली. केवळ गोऱ्यांच्या ज्युरीने आरोपींना निर्दोष सोडले. या घटनेने अस्वस्थ झालेल्या रॉड सर्लिंग या लेखकाने टीव्ही नाटक लिहिले. पण दक्षिणेतील गोरे गिऱ्हाईक दुखावेल म्हणून जाहिरातदार बिथरले. १९५६ मध्ये नाटक दाखवले गेले तेव्हा घटनास्थळ थेट न्यू इंग्लंडला नेलेले होते!

माणसाच्या तोंडून सत्य बोलू देत नाहीत, तर परग्रहवासीयांच्या आडून बोलू, हा सर्लिंगने काढलेला मार्ग. १९५९ ते १९६४ या काळात ‘द ट्वायलाइट झोन’चे १५६ भाग झाले, त्यातले ९२ त्याने लिहिले.

नववर्षाच्या सुट्टीत हे जुने भाग सलग पाहण्याची तिकडे चाहत्यांची प्रथाच आहे. शेवटचा धक्का सर्वांना पाठ असतो. मग पुन्हा पाहायचे काय? ‘आय ऑफ द बिहोल्डर’ (१९६०) पाहा. देखणी बाई ‘कुरूप’ ठरते, कारण डॉक्टरांची तोंडे डुकरासारखी आहेत. शेवट ठाऊक असला की पडद्यावरच्या नेत्याचे ‘सारे एकसारखे हवेत’ हे भाषण नीट ऐकू येते. वेगळ्यांसाठी स्वतंत्र वस्ती, हा त्या राज्याचा ‘उपचार’!

मात्र एक प्रश्न उरतोच. प्रमुख भूमिकांत कृष्णवर्णीय कलावंत असलेला ‘द बिग टॉल विश’ (१९६०) हा त्या मालिकेत अपवादच का राहिला? चाहत्यांनी कौतुकासोबत हाही हिशेब मांडावा.