परिचारिकेच्या पदवीचें दुसरें द्वार

रुग्णालयांत रात्रीं दोन वाजतां उशाशीं उभी राहून नाडी पाहणारी परिचारिका कोणत्या महाविद्यालयांत शिकली, हें रोगी कधीं विचारीत नाहीं. त्याला हवा असतो तो तिचा सावध हात आणि जाणती नजर. परंतु तो हात सावध आणि ती नजर जाणती होण्यापूर्वीं एका तरुण मुलीला अथवा मुलाला किती पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्यांतील एकादी पायरी नकळत चुकली तर सबंध वर्ष कसें वायां जातें, याची कल्पना घरांतील वडील मंडळींना बहुधा नसते. अमेरिकेंत, विशेषतः कॅलिफोर्निया राज्यांत, या पायऱ्यांची रचना मोठी विचार करण्यासारखी आहे. तेथें राहणाऱ्या मराठी कुटुंबांना जेव्हां या रचनेशीं गांठ घालावी लागते, तेव्हां येथील शिक्षणक्रमाचा अनुभव त्यांच्या फारसा उपयोगीं पडत नाहीं. म्हणून ती मुळापासून समजून घेणें बरें.

प्रथम ‘ट्रान्स्फर विद्यार्थी’ म्हणजे कोण, हें पाहिलें पाहिजे. महाराष्ट्रांत एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यांत जाणारा विद्यार्थी स्थलांतराचा दाखला घेऊन जातो. पण हा प्रसंग बहुधा एक परीक्षा संपून दुसरा अभ्यासक्रम सुरू होण्याच्या वेळचा असतो. अमेरिकेंत मात्र पदवीचा निम्मा अभ्यास एका संस्थेंत आणि उरलेला निम्मा दुसऱ्या संस्थेंत करणें ही रूढ रीत आहे. १९०१ सालीं इलिनॉय राज्यांतील जोलिएट गांवीं पहिलें सार्वजनिक ‘ज्युनियर कॉलेज’ निघालें. त्याच वंशांतील महाविद्यालयांना आज ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणतात. कॅलिफोर्नियांत अशीं ११६ महाविद्यालयें आहेत. त्यांची फी विद्यापीठाच्या मानानें पुष्कळच कमी असते. तेथें पहिलीं दोन वर्षें काढून विद्यार्थी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षांत शिरतो. घरची स्थिति बेताची असलेल्या मुलांना पदवीचें हें दुसरें द्वार होय.

परिचर्येच्या शिक्षणाला आणखी एक वळण आहे. पूर्वीं हें शिक्षण रुग्णालयांतच मिळे. शिकणारी मुलगी ही शिष्याहि असे आणि बिनपगारी नोकरहि असे. १९०९ सालीं मिनेसोटा विद्यापीठानें परिचर्येची शाळा आपल्या छत्राखालीं घेतली. १९२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या गोल्डमार्क अहवालानें या शिक्षणाला विद्यापीठाचा पाया असावा असें आग्रहानें सांगितलें, आणि त्याच वर्षीं येल विद्यापीठांत परिचर्येची शाळा निघाली. पुढें १९५२ सालीं मिल्ड्रेड मोंटॅग या विदुषीच्या योजनेप्रमाणें कम्युनिटी कॉलेजांतून दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. अशा रीतीनें दोन शिड्या तयार झाल्या: एक दोन वर्षांच्या सहपदवीची आणि दुसरी चार वर्षांच्या पदवीची. विशेष हें कीं, दोन्ही शिड्या चढून आलेल्यांना परवान्यासाठीं एकच परीक्षा द्यावी लागते. तिला ‘एनक्लेक्स-आरएन’ असें म्हणतात.

मग पदवीचा हव्यास कां? एक तर मोठीं रुग्णालयें पदवीधरांना पसंति देतात. दुसरें असें कीं, कॅलिफोर्नियांत सार्वजनिक आरोग्य-परिचारिकेचें प्रमाणपत्र पदवीवांचून मिळत नाहीं. पुढें अध्यापन किंवा व्यवस्थापन करावयाचें तरी पदवी लागते. म्हणून पदवीच्या वर्गाच्या दारांत गर्दी होते. परिचर्या महाविद्यालयांच्या अमेरिकन संघाच्या गणनेप्रमाणें २०२३ सालीं तेथील शाळांनीं पात्र उमेदवारांचे ६५ हजारांहून अधिक अर्ज नाकारले. एकच उमेदवार अनेक ठिकाणीं अर्ज करतो, म्हणून ही संख्या माणसांची नसून अर्जांची आहे, हें ध्यानांत ठेवावें. तरी गर्दीची कल्पना येण्यास ती पुरेशी आहे. एकीकडे रुग्णालयें परिचारिका मागतात आणि दुसरीकडे पात्र विद्यार्थी परत पाठविले जातात. हें विपरीत खरें. परंतु शिकविणारे अध्यापक आणि रोग्यांजवळ प्रत्यक्ष शिकण्याच्या जागा या दोहोंचा तुटवडा असल्यामुळें तें घडतें.

आतां अर्जदाराला काय लागतें तें पाहूं. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या बहुशाखी विद्यापीठांत तिसऱ्या वर्षीं प्रवेश मिळण्यास ६० सत्र-युनिटें पुरीं झालेलीं असावीं लागतात. त्यांत चार विषय तर अवश्यच हवेत: भाषण, लेखन, तर्कशुद्ध विचार आणि गणित अथवा संख्याशास्त्र. एवढ्यानें विद्यापीठाचें दार उघडतें. परिचर्येच्या विभागाचें दार त्याच्या आंत आहे, आणि त्याची किल्ली निराळी आहे. ती किल्ली म्हणजे शास्त्रविषय. मानवी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजंतुशास्त्र आणि रसायन हे विषय प्रयोगशाळेसह झालेले असावे लागतात. पुष्कळ ठिकाणीं हे विषय पांच किंवा सात वर्षांपेक्षां जुने चालत नाहींत, आणि नापास होऊन तोच विषय किती वेळां पुन्हा घ्यावा यालाहि मर्यादा असते.

पुष्कळांची चूक होते ती येथेंच. आणि ती आळसामुळें होत नाहीं, तर क्रमाच्या अज्ञानामुळें होते. शरद ऋतूंत सुरू होणाऱ्या वर्गासाठीं अर्ज त्याच्या आदल्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत करावा लागतो. म्हणजे दोन वर्षांत, चार सत्रांत, सर्व विषय संपवूं म्हणणारा विद्यार्थी जेव्हां अर्ज भरतो, तेव्हां त्याचें तिसरेंच सत्र चालूं असतें. त्यांतच पुष्कळ महाविद्यालयांत रसायन झाल्यावांचून सूक्ष्मजंतुशास्त्राच्या वर्गांत बसतां येत नाहीं, आणि शरीररचना झाल्यावांचून शरीरक्रिया घेतां येत नाहीं. कल्पना करा कीं, एका मुलीनें रसायन अवघड म्हणून तें तिसऱ्या सत्रावर ढकललें. मग सूक्ष्मजंतुशास्त्र चौथ्या सत्रांत गेलें. अर्जाच्या वेळीं तिच्या गुणपत्रकांत दोन शास्त्रविषय अपुरे दिसतात. तिचे बाकीचे गुण कितीहि उत्तम असले, तरी जो विभाग हे विषय आधीं पुरे झालेले मागतो, तेथें तिचा अर्ज वाचलाहि जात नाहीं. बुद्धि कमी पडली नाहीं, श्रम कमी पडले नाहींत. एक विषय एक सत्र उशिरा घेतला एवढेंच, आणि वर्ष गेलें. तिनें पहिल्या सत्रांत रसायन आणि शरीररचना, दुसऱ्यांत शरीरक्रिया आणि सूक्ष्मजंतुशास्त्र घेतलें असतें, तर हें संकट बहुधा टळलें असतें.

दुसरी अडचण मोजमापाची. कांहीं संस्था वर्षाचीं दोन सत्रें करतात, तर कांहीं तिमाहीच्या हिशेबानें चालतात. तिमाहीचें एक युनिट म्हणजे सत्राच्या युनिटाचे दोन तृतीयांश. म्हणून तिमाहीचीं ९० युनिटें सत्राच्या ६० बरोबर होतात. तिमाहीच्या पद्धतीनें पांच युनिटांचें रसायन शिकलेल्याला वाटतें, आपल्याजवळ भरपूर आहे. परंतु सत्राच्या मापानें तीं सवातीनच्या किंचित् वर भरतात, आणि विभागानें चार मागितलीं असतील तर तीं अपुरीं पडतात. कोणत्या महाविद्यालयाचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठांत कशाच्या बरोबरीचा धरतात, याची अधिकृत कोष्टकें कॅलिफोर्नियांत ‘असिस्ट’ या नांवाच्या सरकारमान्य संग्रहांत कोणासहि विनामूल्य पाहतां येतात. पहिल्या सत्राचा विषय निवडण्यापूर्वींच तीं पाहणें शहाणपणाचें.

तिसरी गोष्ट गुणांची. तेथें ‘ए’ श्रेणीस ४, ‘बी’स ३ आणि ‘सी’स २ असा भाव धरून प्रत्येक विषयाच्या युनिटांनीं गुणतात व सरासरी काढतात. एका विद्यार्थ्याला चार युनिटांच्या शरीररचनेंत ‘ए’, चार-चार युनिटांच्या शरीरक्रियेंत व सूक्ष्मजंतुशास्त्रांत ‘बी’, आणि पांच युनिटांच्या रसायनांत ‘सी’ मिळाला असें धरूं. १७ युनिटांवर त्याचे ५० गुण होतात, सरासरी २.९४ येते. रसायनांत ‘बी’ मिळता तर तीच ३.२४ झाली असती. ‘सी’ म्हणजे उत्तीर्ण हें खरें. पण जेथें जागा थोड्या आणि उमेदवार फार, तेथें उत्तीर्ण होणें आणि निवडलें जाणें यांत मोठें अंतर असतें. याशिवाय पुष्कळ विभाग ‘टीज’ नांवाची प्रवेशपरीक्षा मागतात. वाचन, गणित, शास्त्र आणि इंग्रजी भाषा असे तिचे चार भाग असून १७० प्रश्नांना २०९ मिनिटें, म्हणजे साडेतीन तासांस एक मिनिट कमी, असा वेळ मिळतो. अर्जाची मुदत संपण्यापूर्वीं तिचा निकाल हातीं असावा लागतो.

प्रत्यक्ष अर्ज बहुधा दोन असतात: एक विद्यापीठाचा, दुसरा परिचर्या-विभागाचा. पहिला भरून दुसरा विसरणारे कमी नसतात. गुणपत्रकें विद्यार्थ्याच्या हातून आलेलीं चालत नाहींत. ज्या ज्या संस्थेंत एकादाच विषय कां घेतला असेना, त्या प्रत्येक संस्थेनें तीं परस्पर पाठवावीं लागतात. नापास झालेल्या विषयाची जुनी संस्था लपविण्याचा मोह कोणी धरूं नये. अपयश क्षम्य ठरेल, लपवाछपवी ठरत नाहीं. प्रवेश मिळाल्यावर लसीकरणाचे दाखले, क्षयाची तपासणी, पूर्ववर्तनाची चौकशी आणि प्राथमिक जीवरक्षणाचें प्रमाणपत्र हीं पुढचीं कामें असतात.

एका नर्सिंग शाळेंतून दुसरींत मध्येंच जाऊं पाहणाऱ्यांची वाट मात्र बिकट आहे. इतिहास किंवा मानसशास्त्र यांचीं युनिटें सहज मान्य होतात. परिचर्येच्या विषयांचीं सहसा होत नाहींत, कारण प्रत्येक शाळा रोग्यांजवळचे तास आपल्या क्रमानें देते. तद्वतच महाराष्ट्रांत तीन वर्षांची जीएनएम पदविका घेऊन नोंदणी झालेल्या परिचारिकेनें तेथें गेल्यावर या रांगेंत उभें राहण्याची घाई करूं नये. तिनें प्रथम राज्याच्या परिचर्या-मंडळाकडून आपलें शिक्षण तपासून घ्यावें आणि परवान्याची परीक्षा द्यावी. परवाना मिळाल्यावर नोंदणीकृत परिचारिकांसाठीं असलेला निराळा पदवीक्रम तिला खुला होतो. जी परिचारिका झालीच आहे, तिनें परिचारिका होण्याच्या दारांत पुन्हा कां तिष्ठावें?

आणि हीच गोष्ट नकार मिळालेल्या विद्यार्थ्यालाहि सांगण्यासारखी आहे. कम्युनिटी कॉलेजांतील सहपदवी घेऊन, एनक्लेक्स उत्तीर्ण होऊन, नोकरी करतां करतां पदवी पुरी करणारे पुष्कळ आहेत. त्या वर्गांतहि जागा मर्यादितच असतात आणि शास्त्रविषय तेथेंहि लागतातच; म्हणून आधीं केलेले श्रम फुकट जात नाहींत. घरांतील वडील माणसांनीं अशा वेळीं ‘एक वर्ष गेलें’ म्हणून उसासे टाकण्यापेक्षां मुलीच्या शेजारीं बसून विषयांची यादी आणि मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून काढाव्या. आणि तो कागद अर्जाच्या वर्षीं नव्हे, तर पहिल्या सत्राच्या पहिल्या आठवड्यांत भिंतीवर लागलेला असावा. पुढें रुग्णालयांत औषधाची मात्रा आणि वेळ चुकूं न देणें हेंच तिचें काम होणार आहे. त्या कामाचा पहिला धडा तिला या कागदावरच मिळतो.